मुक्ताची डबी घेऊन पुण्याला

आपल्या वस्तीवरून पुण्याला गेलेले आहेत, पण जाऊन परत आलेली मी पहिलीच. त्यामुळे आल्यापासून जो तो विचारतो आहे. दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते, म्हणजे माझा घसा सुटेल.

ही वही वस्तीबाहेर जाऊ नये. पण वह्यांचा काय भरवसा? चुकून एखाद्या माणसाच्या हाती लागलीच, तर त्याच्यासाठी आधी थोडं सांगते. आम्ही दिसायला माणसांसारखेच. फरक एवढाच, की आम्ही वस्तूंशी बोलतो आणि वस्तू आमचं ऐकतात. दाराला "येऊ का?" विचारल्याशिवाय आम्ही घरात पाऊल टाकत नाही आणि "येते हो" म्हटल्याशिवाय कुठून हलत नाही. चूल, जातं, रहाट, सगळ्यांना अहो-जाहो. हे माणसांना कळलं, की ती आधी हसतात, मग घाबरतात आणि शेवटी रांग लावून कामं सांगतात, असा आमच्या वाडवडिलांचा अनुभव. म्हणून वैनगंगेकडच्या झाडीत आम्ही गुपचूप राहतो.

आमचं मूल पहिल्यांदा ज्या वस्तूशी बोलतं, तो शब्द त्याच्या सागवानी डबीत जाऊन बसतो आणि झाकण मिटतं. बारा वर्षं पुरी व्हायच्या आत ती डबी त्या मुलाने स्वतः उघडायची. उघडली नाही, तर वस्तू त्याचं ऐकेनाशा झाल्या असं समजायचं, आणि बोलणं शिकवायला त्याला वस्तीवर आणून ठेवायचं. शिकवणारी मी. वस्तीवर माझ्याइतकं गोड बोलणारं कोणी नाही, हे मी नाही, सगळे म्हणतात.

माझा धाकटा भाऊ सुधाकर. त्याला लहानपणापासून यंत्रांशी बोलायची खोड. नागपूरला संगणकाचा कोर्स केला आणि पुण्यात कंपन्या भराभर माणसं घेत होत्या तेव्हा बायको सुनंदा आणि तीन वर्षांची मुक्ता यांना घेऊन निघून गेला. तेव्हापासून आठ वर्षं तो कोथरूडला माणूस म्हणून राहतो आहे. इथल्या त्याच्या घराचं दार तेव्हाच रुसून बसलं. मी रोज त्याच्यापुढे उभी राहून गोड बोलते, पण ते कोणालाही उघडत नाही.

मुक्ताला चैत्रात बारा पुरी होणार. तिची डबी घेऊन जायचं आणि ती उघडली नाही तर मुलीला घेऊन यायचं, एवढं काम वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं. खरं सांगते, ती उघडू नये असंच मला वाटत होतं. मी एकटी बाई. निघण्यापूर्वी घरात आढ्याला झोका बांधून ठेवला होता.

स्टेशन ते कोथरूड

आगगाडीचं काही सांगत नाही. ती म्हातारी होती, दोघी रात्रभर गुडघ्यांविषयी बोललो.

पुणे स्टेशनाबाहेर सुधाकरची वाट पाहायची असं ठरलं होतं, पण त्याला कंपनीतून निघायला उशीर होणार होता. मी पत्ता दाखवून रिक्षात बसले. रिक्षावाला तोंडातून शब्द काढेना. मग मी रिक्षाशीच हळू आवाजात बोलले. "दमलात हो फार. किती गर्दी, किती धूर, तरी किती ऐटीत चालता!" एवढंच. त्या बिचारीशी जन्मात कोणी असं बोललं नसावं. ती जी सुटली, ती नदीवरचा पूल, कर्वे रस्ता, मधले सगळे सिग्नल हिरवे पकडत थेट सुधाकरच्या सोसायटीच्या फाटकात येऊन थांबली. रिक्षावाला ब्रेकवर उभाच होता.

मी उतरले, पण रिक्षा काही जाईना. त्याने बारा-पंधरा किका मारल्या. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बंडी घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते वरून म्हणाले, "अहो, फाटकात गाड्या लावू नयेत, अशी पाटी आहे. वाचता येत असेल तर वाचा."

तेवढ्यात सुधाकर आला. रिक्षाच्या टपावर हात ठेवून पुटपुटला आणि ती निघाली. मग माझ्याकडे वळला. आठ वर्षांनी भेटला, आणि पहिलं वाक्य हे: "ताई, तू काहून बोललीस तिच्याशी?"

जेवताना त्याने घरचे नियम सांगितले. दाराबाहेर कुठल्याही वस्तूशी बोलायचं नाही. दाराच्या आतही मोठ्याने नाही. सुनंदा तर सवय राहू नये म्हणून वर्षानुवर्षं वस्तूंशी काहीच बोललेली नव्हती, नुसतं घासायची, पुसायची. मुक्ताकडून बापाने शाळेत घालताना वचन घेतलं होतं. कोणाला कळलं असतं, तर बिऱ्हाड उचलून दुसरं शहर गाठावं लागलं असतं, आणि मुक्ताला तर हेच घर आठवत होतं.

मुक्ता बापाच्या उंचीला आली आहे. दोन वेण्या, चष्मा. मला म्हणाली, "आत्या, आमटी गोड लागली ना? इथे गूळ घालतात. सवय होते." होत नाही. मी आठ दिवस मिरचीचा ठेचा मागून जेवले.

हिंजवडी

दुसऱ्या दिवशी सुधाकरच्या कंपनीत घरच्यांना बोलवायचा दिवस होता. बसमध्ये आम्ही दीड तास बसलो आणि त्यातला एक तास ती एकाच जागी उभी होती. तिला खूप बोलायचं होतं. मी ओठ दाबून बसले.

कंपनी म्हणजे काचेचा डोंगर. फाटकाबाहेर एक म्हातारी पेरू विकत होती. मी दोन घेतले. म्हणाली, "समदं वावर व्हतं आमचं हितं. आता ही काच हाय." मी विचारलं, वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटतं की. पन सकाळी आलं की अजून त्याला रामराम घालते. खाली आसंलच की ते." तिने मीठ लावून तिसरा पेरू पैसे न घेता हातात दिला. ही आमच्यातली नव्हे, मी नीट पाहिलं. पण बोलत होती.

आत रांगेने संगणक आणि त्यांच्यापुढे तरुण पोरं-पोरी. मला वाटलं होतं, माणसं वस्तूंशी बोलत नाहीत. इथे तर जो तो बोलत होता! "ए, हँग नको होऊस ना यार." "चल ना, प्लीज, एकदा चल." एका मुलीने पडद्याच्या डोक्यावर चापट मारली आणि लगेच तो कुरवाळला. मी सुधाकरला विचारलं, "हे ऐकतात का त्यांचं?"

"अर्धवट," तो म्हणाला. "उरलेलं मी नंतर समजावतो." तो एका गार खोलीत गेला. तिथे माणसाएवढी कपाटं घूं घूं करत होती. त्याने एकाला हात लावून हळूच विचारलं, "अहो, दमलात का?" घूं घूं खाली आली. कंपनीत त्याला फार मान आहे. बिघाड कसा सापडतो हे कोणाला कळत नाही आणि कोणी विचारतही नाही.

"ताई, पुणं मी ह्याच्यासाठीच निवडलं," तो परतताना म्हणाला. "इथे लोक सूचना करतात, चौकशा करत नाहीत."

टेकडी

रविवारी सकाळी सुधाकरच्या सोसायटीमागच्या टेकडीवर गेलो. पुण्याचे लोक सुट्टीच्या दिवशी पांढरे बूट घालून, हात झुलवत टेकडी चढतात आणि काहीही न आणता उतरतात. ना लाकूडफाटा, ना रानभाजी. मी विचारलं, मग चढतात कशाला? मुक्ता म्हणाली, "उतरून पोहे खायला."

एका बोरीखाली बसून मी डबी काढली. मुक्ताला शिकवलं, "मांडीवर घे, डोळे मीट आणि म्हण, अहो डबीबाई, इतकी वर्षं माझा शब्द सांभाळलात, आपले फार उपकार, आता कृपा करून उघडता का?"

मुक्ताने सगळं म्हटलं. पाठ केलेल्या कवितेसारखं म्हटलं. तीनदा म्हटलं. झाकण हललं नाही.

सुधाकर उठून पलीकडे जाऊन उभा राहिला. मुक्ताने डबी माझ्या हातात परत दिली. "आत्या, मला नाही यायचं," ती म्हणाली. "माझी शाळा आहे. ईशा माझ्याशिवाय डबा खात नाही. आई एकटी घरात काहीच बोलत नाही, माहितेय तुला?"

मी म्हणाले, "नियम आहे, बाळा. मी तुझ्यासाठी झोका बांधलाय."

ती म्हणाली, "मी अकरा वर्षांची आहे." तेव्हा मला त्या झोक्याची लाज वाटली, पण आनंदही झाला होता, तो लपवत मी टेकडी उतरले. पोहे चांगले होते.

गुरुवार

पुण्यात कधीकधी गुरुवारी पाणी बंद असतं. आमच्या विहिरीला वार कळत नाहीत, त्यामुळे हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी सगळे झोपलेले, मी मोरीतला नळ सोडला, नुसती हवा आली. मला वाटलं, रुसला. मी पाटावर बसले आणि चांगला अर्धा तास त्याला चुचकारलं. नळभाऊंना अश्रू अनावर झाले. माझ्या मोरीत, शेजारच्या मोरीत, चारही मजल्यांवर आणि गच्चीवरच्या टाकीतून बाहेर, असं सगळीकडे पाणी.

सातला दारावर थाप पडली. पहिल्या मजल्याचे ते बंडीवाले गृहस्थ, आता अंगात सदरा. हे आगाशे आजोबा, बँकेतून निवृत्त, सोसायटीचे सेक्रेटरी. हातात महापालिकेचं पत्रक.

"आज गुरुवार," ते म्हणाले. "पाणी बंद. तसं छापून आलंय. मी काल रात्री जागून चार बादल्या भरल्या. मग हे पाणी कुठून आलं?"

दुसरीकडे लोकांनी पाणी आलं म्हणून आरती केली असती. सुधाकर घाम पुसत म्हणाला, "काका, लाइनमध्ये काहीतरी..."

"काहीतरी हे उत्तर नव्हे. तुमच्याच पाइपातून उलटं वर चढलंय. उद्या सकाळी दहाला येतो. पाहायचंय मला." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि जिने उतरून गेले.

सुधाकर मला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई, तू उद्या सकाळच्या गाडीने मुक्ताला घेऊन निघच. आम्ही इथलं आवरतो." सुनंदाने मुक्ताची बॅग भरायला घेतली. ती फ्रॉकच्या घड्या घालत होती आणि पुन्हा उलगडून पुन्हा घालत होती. मी बोलण्यात पटाईत, पण तिच्या शेजारी बसून नुसत्या मुक्ताच्या रिबिनी गुंडाळत राहिले.

लिफ्ट

शुक्रवारी नऊला सुधाकर आणि सुनंदा रिक्षा थांबवायला खाली गेले. मी आणि मुक्ता बॅगा घेऊन चौथ्या मजल्यावर लिफ्टशी आलो, तर जाळीचं दार उघडून आगाशे आजोबा बाहेर येत होते. दहाला येतो म्हणणारा माणूस नऊला आला होता.

"निघालात? मुक्ताही?" ते म्हणाले. "मग मीही खाली येतो. बोलायचं आहे."

तिघंही आत शिरलो. आता माझी चूक सांगते. आपल्याकडे निरोप घेतल्याशिवाय कुठून निघायचं नसतं, आणि आठ दिवस त्या लिफ्टने मला वर-खाली नेलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "येते हो लिफ्टबाई. मुक्तालाही नेते आहे, बरं का. ती आता इकडे येणार नाही."

तिसरा मजला गेला आणि लिफ्ट मध्येच थांबली.

जाळीतून नुसती भिंत दिसत होती. आजोबांनी बटणं दाबली, घंटा दाबली. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला आणि ते बॅगेवर टेकले. "मला दम्याचा त्रास आहे," ते म्हणाले. "पंप घरी राहिला."

मी नियम गुंडाळून ठेवला आणि बोलायला लागले. लिफ्टबाई, आपण किती गुणाच्या, आपली चाल किती मऊ, आपले उपकार. मला वाटत होतं, माझ्या विरहाने अडली आहे. माझ्या बोलण्याचा एवढा लळा लागलेला! पण ती काही हलेना. माझी आयुष्यभराची पुंजी दहा मिनिटांत संपली. आजोबांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला.

मुक्ताने मला बाजूला केलं.

"ए," ती लिफ्टला म्हणाली. "बास झालं. मी जातेय म्हणून अडलीस ना? कळलं मला. पण आजोबांनी तुझं काय केलंय? दर महिन्याला तुझं तेलपाणी कोण बघतं? रडायचं असेल तर नंतर रड, मीपण रडणार आहे. आधी त्यांना खाली सोड. आणि धक्का न देता, रोज देतेस तसा नको."

लिफ्ट निघाली. पाण्यात पणती सोडावी, इतकी हळुवार निघाली. आणि माझ्या पिशवीत टक् असं काही वाजलं. डबीचं झाकण उघडलं होतं. आतून तीन वर्षांच्या मुलीचा बोबडा आवाज आला, "चल ना. तू पण चल ना."

मुक्ता बघतच राहिली. तो शब्द कोणाला होता, ते मला कळलं. घर सोडताना ती दाराला मिठी मारून उभी होती, सुधाकरने ओढून नेलं होतं, ते मला आठवलं. आणि दार रुसलं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. त्याला बोलावलं होतं आणि जाता आलं नव्हतं.

खाली सुधाकर आणि सुनंदा दाराशीच उभे होते. आवाज त्यांनीही ऐकला होता. सुनंदा लिफ्टच्या जाळीला धरून मोठ्याने म्हणाली, "बाई, आणलंस हो माझ्या लेकीला." वर्षानुवर्षांत वस्तूशी तिचं हे पहिलं बोलणं, आणि तेही आगाशे आजोबांच्या देखत.

मुक्ताने धावत जाऊन आजोबांच्या घरून पंप आणला. आजोबांनी दोन झुरके घेतले आणि पायरीवर बसले. आम्ही चौघं शिक्षेची वाट पाहत उभे.

"ही मुलगी," ते दम खात म्हणाले, "रोज सकाळी शाळेला जाताना लिफ्टला झापते. पाच वर्षं ऐकतोय. आमच्या दारावरूनच जाते ना."

"बाबा, मी वचन मोडलं," मुक्ता म्हणाली. "पण ती एकटी असते दिवसभर. आणि मला आत्यासारखं छान नाही बोलता येत, म्हणून सांगितलं नाही."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, काका?" सुधाकरने विचारलं.

"कशाला? ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची बोलायची पद्धत. लिफ्ट चालते ना? मग झालं." मग ते माझ्याकडे वळले. "गुरुवारचं पाणी तुम्हीच का?"

मी मान खाली घातली.

"पुढच्या वेळी आणायचं असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. माणूस उगाच बादल्या भरतो." ते भिंतीला धरून उठले. "आणि वर्षाच्या मध्यात कोणी मुलीला शाळेतून काढतं का? वर न्या ती बॅग."

घरी

मुक्ताची बॅग वर गेली. मी एकटी निघाले. रिक्षा येईपर्यंत मुक्ता माझा हात धरून उभी होती. म्हणाली, "आत्या, त्या दाराला एक निरोप सांगशील? पण माझ्याच शब्दांत. साखर घालू नकोस."

वडीलधाऱ्यांपुढे मी उघडी डबी ठेवली. ती बोलली नाही, पण मिटतही नव्हती, तेवढं पुरलं. कोणी विचारलं, मुलगी बोलते कशी? मी म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगली." हे वाक्य म्हणायला मला पुण्याला जाऊन यावं लागलं.

मग सुधाकरच्या बंद घरापुढे गेले. आठ वर्षांच्या सवयीने "अहो" तोंडावर आलं होतं, ते गिळलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला: "ए, मी विसरले नाहीये तुला. तुला येता येत नाही हे तेव्हा कळत नव्हतं, लहान होते. मे महिन्यात सुट्टी लागली की मीच येते. तोवर अडून बसू नकोस, आत हवा लागू दे."

दार करकरलं आणि उघडलं.

मी झाडू आणून घर झाडलं. संध्याकाळपर्यंत आवरलं. मग माझ्या घरी जाऊन आढ्याचा झोका सोडला आणि इकडे आणून बांधला. तो जरा खट्टू झाला होता. त्याला म्हणाले, "मोठी झाली आहे ती, बसेलच असं नाही. पण मेपर्यंत थांब."